धूर जातो कुठे?

गेल्या डिसेंबरमध्ये एका रविवारी सकाळी अमेरिकेतून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, ओहायोत असतो. म्हणाला, "अरे, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग माझ्या गिझरच्या पाइपचं जरा बघ. इथला माणूस काय सांगतोय ते मला कळत नाहीये." मी जाम खूश! तीन वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या कुणीतरी मला इंजिनीअर मानलं होतं. एरवी मला फक्त मिक्सर दुरुस्त करायला सांगतात, आणि तोही माझ्याच्याने होत नाही.

तर मंडळी, आधी दादाचा गिझर समजून घेऊ. तिकडे बऱ्याच घरांत तळघरात एक उंच टाकी असते आणि तिच्या खाली गॅसचा बर्नर. गॅस जळला की तयार होणारे वायू घराबाहेर घालवावे लागतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी थेट छपरापर्यंत धुराडं असतं. ('धुराडं' हा शब्द आजीचा. मी कॉन्व्हेंटवाला, मला फक्त 'फ्लू' माहीत होता. पण फ्लू म्हटलं की आजी काढा करायला घेते!) गरम वायू हलके असतात, ते आपोआप वर चढतात. ना पंखा, ना वीज.

दादाच्या नव्या हीटरला 'पॉवर व्हेंट' म्हणतात. त्यात टाकीच्या डोक्यावर एक पंखा असतो. तो जळालेल्या वायूंत खोलीतली हवा मिसळून त्यांना थंड करतो आणि पाइपातून ढकलून बाहेर काढतो. म्हणून तिथे पीव्हीसीचा पाइप चालतो, आणि तो आडवा नेऊन भिंतीतून बाहेर काढता येतो. छपरापर्यंत जायला नको. तोटा एकच, वीज गेली की गरम पाणीही गेलं.

आता पाइप टाकायचा म्हणजे काय कठीण आहे, असं मलाही वाटलं होतं. पण पंख्याचा जोर मर्यादित असतो. पाइप जितका लांब, तितकं घर्षण जास्त. आणि प्रत्येक वळणावर दाब आणखी कमी होतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण ज्याला 'मायनर लॉसेस' म्हणून व्हायवात थापा मारतो ना, तेच हे. त्यासाठी 'इक्विव्हॅलंट लेंग्थ' काढतात. म्हणजे एक एल्बो किती फूट सरळ पाइपाइतका अडथळा करतो, ते धरायचं. दादाच्या पुस्तिकेत ९० अंशाचा एल्बो म्हणजे ५ फूट, ४५ अंशाचा म्हणजे अडीच फूट, आणि ३ इंची पाइपला एकूण ४० फुटांची मर्यादा दिली होती. (हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, दुसऱ्याचे वापरायचे नाहीत.)

दादाचा पहिला बेत सगळ्यात जवळच्या भिंतीचा होता. फक्त १२ फूट! पण त्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी, आणि पाइपचं तोंड तिच्यापासून जेमतेम २ फुटांवर येत होतं. तिकडच्या गॅस कोडप्रमाणे असं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून आडवं किंवा खाली असेल तर किमान ४ फूट लांब हवं, आणि वर असेल तर किमान १ फूट. जमिनीपासूनही किमान १ फूट उंच. शिवाय ओहायोत बर्फ पडतो, त्याच्या थराच्याही वर हवं. पहिला बेत बाद.

दुसरा बेत मागच्या भिंतीचा. सरळ पाइप २६ फूट आणि ९० अंशाचे चार एल्बो, म्हणजे २६ अधिक २०, एकूण ४६. नापास! मग मी कागदावर एक युक्ती केली. मधे एका खांबाला वळसा घालायला दोन एल्बो होते. तिथे पाइप तिरका नेला आणि दोन ९० च्या जागी दोन ४५ चे वापरले. तिरकं गेल्यामुळे लांबीही २ फुटांनी कमी झाली. आता २४ अधिक १० अधिक ५, म्हणजे ३९. काठावर पास! (सवयीचंच आहे.) अर्थात काम शेवटी तिथल्या परवानाधारक माणसाने केलं आणि तेच योग्य.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. त्या हीटरमध्ये एक प्रेशर स्विच असतो. पंखा खरंच हवा ढकलतोय का, हे तो आधी बघतो. पाइप तुंबला असेल, पंखा बंद असेल, तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. म्हणजे बाहेर जायला वाट नसेल, तर आग पेटणारच नाही. मी दादाला विचारलं, "एवढा बंदोबस्त कशाला रे?" तो म्हणाला, "कार्बन मोनॉक्साइड. तुमच्याकडे कसं करतात?"

मी फोन ठेवला आणि आमच्या रूमच्या बाथरूममध्ये जाऊन वर बघितलं.

सेकंड इयरनंतर आम्ही चौघांनी होस्टेल सोडून रूम घेतली होती. बाथरूम ५ बाय ५ फुटांचं, उंची ८ फूट. भिंतीवर ६ लिटरचा गॅस गिझर. त्याला पाइप? शून्य फूट, शून्य एल्बो. वरच्या फटीतून सगळे वायू थेट आपल्या डोक्यावर. काचेच्या पट्ट्यांचा एक झरोका होता, त्यात थंडी लागते म्हणून आम्हीच वर्तमानपत्र कोंबलं होतं. दाराखाली पायपुसणं. म्हणजे आम्ही अगदी मन लावून सगळ्या वाटा बंद केल्या होत्या.

थोडं गणित करू. ६ लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. त्याला गॅसकडून १२ किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे घरच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के, त्यामुळे एवढ्या आगीला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये हवा किती? सुमारे ५,६०० लिटर. एकाची दहा मिनिटं आंघोळ म्हणजे २,००० लिटर. लेक्चरच्या आधी तिघं एकामागोमाग गेले तर ६,००० लिटर, म्हणजे बाथरूममधल्या सगळ्या हवेपेक्षा जास्त!

दारं उघडतात, फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हवा इतकी संपत नाही. पण संपायची गरजही नसते. ऑक्सिजन थोडा कमी झाला की ज्वलन अर्धवट होतं, निळी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. "गॅसचा वास तर येत नव्हता," असं लोक म्हणतात ना, तिथेच घोळ आहे. वास येतो तो न जळलेल्या एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जळाल्यावर तोही जातो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. त्यामुळे थोडासा वायूही पुरतो. हवेच्या दहा लाख भागांत १,६०० भाग असले तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते आणि तासा-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. प्रमाण याच्या दुप्पट झालं तर हीच लक्षणं पाच-दहा मिनिटांत दिसतात. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस आधी गोंधळतो, मग पायातली शक्ती जाते. दाराची कडी हाताच्या अंतरावर असते, पण ती काढता येत नाही.

हे वाचता वाचता मला आमची सकाळ आठवली. नोव्हेंबरपासून माझं डोकं दुखायचं. मी खापर सबमिशनवर फोडत होतो. आणि पंधरा दिवसांपूर्वी आमचा एक रूम पार्टनर, नंबर तिसरा, आंघोळीहून येऊन भिंतीला टेकून खाली बसला आणि ओकला. आम्ही म्हटलं, पित्त झालं. त्याला लिंबूपाणी दिलं आणि प्रॅक्टिकलला गेलो. तो वाचला याचं कारण आमची हुशारी नाही. त्याला पाणी कडक वाटलं म्हणून त्याने गिझर लवकर बंद केला, एवढंच.

घरमालक काका आधी म्हणाले, "इतकी वर्षं वापरतोय, कुणाला काही झालं नाही." मी त्यांना वरचं गणित कागदावर करून दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "माझी नातपण इथे आली की याच बाथरूममध्ये आंघोळ करते." पुढच्या शनिवारी प्लंबर आला आणि गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत गेला. आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाइप. एका दुपारचं काम! त्यानंतर माझी डोकेदुखी गेली. सबमिशन मात्र तेवढीच आहेत.

आता तुमच्यासाठी. होस्टेलवाल्यांना वाटेल, आपल्याला काय त्याचं. पण पुढच्या वर्षी निम्मे जण रूम शोधणार आहेत, आणि स्टाफपैकी अनेकांच्या घरी गॅस गिझर असेलच. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

१) गिझरची जागा बाथरूमबाहेर, उघड्या हवेत. हा एक उपाय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा.

२) ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आंघोळ. एकामागोमाग नंबर लावू नका.

३) झरोका कधीही बुजवू नका. वर एक आणि खाली एक अशी दोन कायमची भोकं हवीत. गरम वायू वर जातात, पण गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो.

४) धुराड्याचा पाइप असलेला गिझर असेल तर त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन लावताना सावध राहा. आत हवा यायला वाट नसेल तर फॅन धुराड्यातलेच वायू उलटे खेचतो.

५) ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो, तो जरूर लावा, पण तो झरोक्याऐवजी नाही.

६) आत गेलेला मित्र हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा. त्याला उघड्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गॅस गिझरचं आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं.

दादाच्या पाइपला मी एका फुटासाठी दोन तास घासाघीस केली, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावर पाइपच नव्हता हे मला तीन महिने दिसलं नाही. रूम बघायला जाल तेव्हा भाडं विचाराल, डिपॉझिट विचाराल, मेस किती लांब ते विचाराल. त्याच्या आधी बाथरूममध्ये जा, वर बघा आणि विचारा, धूर जातो कुठे?