शोधता येणं म्हणजे पारखता येणं नव्हे

मोबाइलवर वाढलेल्या मुलांना ग्रंथालयानं माहिती शोधायला काय शिकवायचं, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवीपूर्व विद्यार्थी यांची तुलना होती. तपासनीस अनोळखी संकेतस्थळावर न रेंगाळता त्याच्याविषयी इतरत्र काय लिहिलं आहे ते पाहत. विद्यार्थीच काय, इतिहासकारही अनेकदा अधिकृत वाटणाऱ्या बोधचिन्हाला भुलले. म्हणजे उणीव हुशारीची नाही, सवयीची आहे. आणि सवय एका ग्रंथालय-फेरीत लागत नाही. अभ्यासक्रमात वेळ नाही, ही अडचण खरीच. म्हणूनच वेगळा तास मागण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या चालू प्रकल्पातच ग्रंथपालाला सहभागी करून घेणं शहाणपणाचं.