सनी रोलिन्स : धून कोणाची, रचना कोणाची?

एखाद्या कलावंताच्या आवडत्या पाच-दहा रचनांची यादी करणे हा रसिकांचा जुना छंद. गायकांच्या बाबतीत तो सहज जमतो, संगीतकारांच्या बाबतीतही फारसा वाद होत नाही. जॅझमधील विख्यात टेनर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांच्या रचना निवडायला बसले, की मात्र पहिल्याच ओळीवर लेखणी अडखळते. अशा बहुतेक याद्यांत अग्रभागी असणारी 'सेंट टॉमस' ही धून मुळात त्यांची नव्हे. 'ऑलिओ' त्यांची आहे, पण तिचा सांगाडा जॉर्ज गर्श्विन यांच्या गाण्याचा आहे. 'टेनर मॅडनेस'ची चाल ड्रमवादक केनी क्लार्क यांच्या नावावर दहा वर्षे आधीच ध्वनिमुद्रित झाली होती. मग रोलिन्स यांचे स्वतःचे असे काय उरते? पुष्कळ उरते, परंतु ते शोधण्याची जागा वेगळी आहे.

हा प्रश्न आपल्याकडे अलीकडेच पडू लागला आहे. पूर्वी निवडीला वावच नव्हता. मुंबईत काळा घोड्याजवळच्या 'र्‍हिदम हाउस'मध्ये जी तबकडी मिळेल तीच आवडती, असा मामला होता. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झाले. आता जालन्याहून अंबडमार्गे वडीगोद्रीला निघालेल्या बसमधील प्रवाशालाही रोलिन्स यांचे जवळपास सारे ध्वनिमुद्रित वादन मोबाइलवर ऐकता येते. 'सॅक्सोफोन कोलॉसस' ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका अवघी चाळीस मिनिटांची आहे. वडीगोद्रीचा थांबा येण्यापूर्वी ती संपते, आणि पुढे काय ऐकावे हा प्रश्न उभा राहतो. साठाहून अधिक वर्षांच्या वादनकाळातून वाट काढायची, तर काही खूणगाठी बांधून घेणे आवश्यक आहे.

पहिली खूणगाठ जॅझच्या घडणीची. जॅझमधील 'रचना' ही पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सिंफनीसारखी आरंभापासून अखेरपर्यंत लिहिलेली नसते. तिचे नाते आपल्या बंदिशीशी अधिक जवळचे आहे. आरंभी एक छोटी धून वाजते. तिच्याखाली कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांचा, एक ठरावीक क्रम असतो. धून संपली तरी तो क्रम आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि वादक त्यावर आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो. अखेरीस मूळ धून परत येते व वादन संपते. बंदिशीला रागाची चौकट असते, येथे कॉर्डच्या क्रमाची. हे साम्य फार ताणू नये. पण बंदिश दोन ओळींची असूनही मैफल तासाची होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला रोलिन्स समजायला जड जात नाही.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेल्या रोलिन्स यांचे आईवडील कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवरून आलेले होते. विशीत पोहोचण्यापूर्वीच ते पियानोवादक बड पॉवेल यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत होते. २९ जून १९५४ रोजी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या तीन धुना एकाच बैठकीत वाजल्या : 'एअरेजिन', 'ऑलिओ' आणि 'डॉक्सी'. त्या वेळी रोलिन्स यांचे वय होते तेवीस. कागदाच्या कपट्यांवर थोडेथोडे लिहीत ते धून स्टुडिओतच पूर्ण करीत, अशी आठवण डेव्हिस यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. या तिन्ही धुना जगभरच्या जॅझवादकांच्या नित्याच्या झाल्या. 'एअरेजिन' हे 'नायजेरिया' या नावाचे रोमन लिपीतील उलटे रूप. आफ्रिकेतील तो देश तेव्हा पारतंत्र्यात होता.

'ऑलिओ' मुद्दाम लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे. गर्श्विन यांच्या 'आय गॉट र्‍हिदम' या गाण्याचा कॉर्डक्रम घेऊन त्यावर नवी धून बसवलेली आहे. ही जॅझमधील सर्वमान्य रीत; तिला उसनवारी म्हणत नाहीत, जसे यमनात नवी बंदिश बांधणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. बत्तीस बारांच्या, म्हणजे प्रत्येकी चार मात्रांच्या बत्तीस विभागांच्या या रचनेचे चार भाग पडतात. त्यातील तिसऱ्या भागासाठी रोलिन्स यांनी धूनच लिहिलेली नाही. ती जागा कोरी आहे. जो वाजवेल त्याने ती भरायची. तरुण वयातल्या या एका निर्णयात पुढचे सारे रोलिन्स दिसतात.

त्यानंतरचा काळ हेरॉइनच्या व्यसनाने आणि त्यातून सुटण्याच्या धडपडीने व्यापलेला होता. १९५५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी उपचारकेंद्रात राहून ते व्यसनमुक्त झाले आणि वर्षाअखेरीस ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राऊन व ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पथकात दाखल झाले. १९५६ हे वर्ष त्यांच्या वादनातील सर्वांत सुपीक वर्ष ठरले. मार्चमध्ये 'व्हाल्स हॉट' ध्वनिमुद्रित झाली. जॅझ चारच्या पटीत चालते असे मानले जात असताना तीन मात्रांच्या चालीत डुलणारी ही धून ब्राऊन यांच्या ट्रंपेटसह ऐकावी. मे महिन्यात 'टेनर मॅडनेस' झाली. जॉन कोल्ट्रेन आणि रोलिन्स हे दोन टेनर सॅक्सोफोनवादक एकत्र ऐकू येतात असे हे एकमेव ध्वनिमुद्रण. २२ जून रोजी 'सॅक्सोफोन कोलॉसस'मधील पाचही तुकडे मुद्रित झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ जून रोजी, क्लिफर्ड ब्राऊन आणि पथकातील पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात मरण पावले. ब्राऊन यांचे वय पंचवीस होते.

'सेंट टॉमस' याच ध्वनिमुद्रिकेतील पहिला तुकडा. व्हर्जिन बेटांवरील एका लोकगीताची ही चाल. रोलिन्स यांनी ती लहानपणी आईकडून ऐकली होती. त्यांच्या आधी, १९५५ मध्ये, पियानोवादक रँडी वेस्टन यांनीही ती वेगळ्या नावाने वाजवली होती. तबकडीवर रचनाकार म्हणून रोलिन्स यांचे नाव छापले गेले व ते तसेच रूढ झाले. कठोरपणे पाहिले तर 'रोलिन्स यांच्या रचना' या यादीतून ती वगळायला हवी. परंतु मूळ धून संपताच रोलिन्स काय करतात ते ऐकावे. ते केवळ दोन स्वरांची एक जोडी घेतात. ती जोडी पुन्हा म्हणतात, किंचित सरकवतात, तिच्यातील अंतर वाढवतात, मधेच गाळतात, आणि ऐकणारा ती विसरणार इतक्यात पुन्हा आणून ठेवतात. ही कारागिरी कोणत्याही लोकगीतात नव्हती. ही रचना रोलिन्स यांचीच आहे, फक्त ती धूनमध्ये नाही.

याच ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी असलेल्या 'ब्लू सेव्हन'मध्ये हे तत्त्व टोकाला जाते. आरंभी डग वॉटकिन्स यांचा बास एकटाच संथ पावलांनी चालत येतो. मग रोलिन्स काही तुटक स्वर टाकतात. इतके तुटक, की धून नेमकी कोणत्या पट्टीत आहे याचाही संभ्रम पडावा. बारा बारांच्या ब्लूजचे आवर्तन फिरू लागते आणि त्या तुटक स्वरांतूनच अकरा मिनिटांचा डोलारा उभा राहतो. मॅक्स रोच यांचे ड्रमवादनही छोट्याशा लयबंधाला धरून वाढत जाते. संगीतकार व समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये या एका तुकड्यावर दीर्घ लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की इतर वादक कॉर्डच्या क्रमावर सुंदर पण सुटे सुटे तुकडे वाजवतात. रोलिन्स मूळ कल्पना सोडत नाहीत, त्यामुळे आयत्या वेळचे वादनही बांधलेल्या रचनेसारखे एकसंध होते. ख्यालातील बढत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकी जॅझसमीक्षेला मात्र ते नवे होते. स्वतः रोलिन्स यांना ही चिरफाड मानवली नाही. आपण सहज करतो ते कोणी इतके उलगडून दाखवल्यावर वाजवताना अवघडल्यासारखे होते, अशी त्यांची तक्रार होती.

पुढच्या वर्षी त्यांनी पथकातून पियानोच काढून टाकला. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम, बस्स. पेटीची साथ नसली की गवयाला मोकळीक मिळते आणि आधारही जातो, तसेच हे. याच मांडणीत १९५८ मध्ये 'फ्रीडम सूट' हे सुमारे एकोणीस मिनिटांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्यांच्या आजवरच्या धुनांपेक्षा ही रचना लांबीने, बांधणीने आणि हेतूनेही निराळी आहे. वेष्टनावर रोलिन्स यांनी छोटे निवेदन दिले होते. अमेरिकेची बोली, विनोद, संगीत यांवर कृष्णवर्णीयांचा खोल ठसा असताना त्याच समाजाला छळ व दडपशाही सोसावी लागावी, याबद्दलचा संताप त्यात होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनमधील गाजलेले भाषण याच्या पाच वर्षे नंतरचे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवेदनाचे धाडस कळते. काही काळाने हीच ध्वनिमुद्रिका 'शॅडो वॉल्ट्झ' या निरुपद्रवी नावाने बाजारात आली. दुसऱ्या बाजूच्या एका हलक्याफुलक्या गाण्याचे ते नाव.

कीर्तीच्या शिखरावर असताना १९५९ मध्ये रोलिन्स यांनी जाहीर वादन थांबवले. आपण पुरेसे चांगले वाजवत नाही, एवढेच कारण. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाझ करीत. वर रेल्वे, खाली नदीतील बोटी. १९६२ मध्ये 'द ब्रिज' ही ध्वनिमुद्रिका आली तेव्हा क्रांतीची वाट पाहणाऱ्या समीक्षकांची काहीशी निराशा झाली. ती अनाठायी होती. वेगवान शीर्षकधूनमधील लयीचे झटके आणि जिम हॉल यांच्या गिटारशी चाललेला संवाद यांत पुलावरच्या रियाझाचे फळ स्पष्ट आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा मंचापासून दूर झाले, आणि येथे या कहाणीत महाराष्ट्र येतो. परमहंस योगानंद यांचे 'योगी कथामृत' वाचून योगाकडे वळलेले रोलिन्स सॅक्सोफोन घेऊन मुंबईला आले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. स्वामी चिन्मयानंद यांनी १९६३ मध्ये सुरू केलेला हा आश्रम. पवई तेव्हा आजच्यासारखी इमारतींनी वेढलेली नव्हती. डोळे मिटून बसल्यावर मन स्थिर होत नाही, अशी अडचण त्यांनी तेथे मांडली तेव्हा, तुमचे वादन हेच तुमचे ध्यान, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. १९७८ मध्ये मुंबईतील पहिल्या जॅझ यात्रेतही त्यांनी वाजवले.

या वास्तव्यातून भारतीय रागांवर बेतलेले काही निघाले का, असे आपल्याकडे उत्सुकतेने विचारले जाते. तसे शोधू नये. कोल्ट्रेन यांनी 'इंडिया' नावाची रचना केली, मुलाचे नाव रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले. रोलिन्स यांनी पवईहून स्वरावली नेली नाही, शिस्त नेली. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रोड शोज'च्या तिसऱ्या खंडात त्यांची 'पतंजली' नावाची धून आहे. आडवळणे नसलेली, जोमदार. ऐंशी ओलांडलेल्या वादकाचा दम तिच्यात ऐकू येतो. त्याच वर्षी फुप्फुसांच्या विकारामुळे त्यांना सॅक्सोफोन कायमचा खाली ठेवावा लागला.

'रोड शोज'ची मालिका मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून सिद्ध झाली, आणि त्यातील काही एका चाहत्याने जमवलेली होती. स्वतः रोलिन्स यांना आपले जुने वादन ऐकणे असह्य होई. प्रत्येक ठिकाणी चूक दिसे. रसिक ज्यांतून आवडते निवडतात, ते कलावंताने मनातून केव्हाच बाद केलेले असते. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले तेव्हा ते जवळच राहत होते. सॅक्सोफोन घेऊन त्यांना घर सोडावे लागले. चौथ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, त्यांनी बोस्टनमध्ये ठरलेली मैफल केली. त्या मैफलीतील 'व्हाय वॉज आय बॉर्न' या वादनाला २००६ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गाणे जेरोम कर्न यांचे. पुरस्कार रोलिन्स यांच्या विस्ताराला.

तेव्हा निवड करायचीच असेल, तर छापील श्रेय बाजूला ठेवून करावी. नवख्याने 'सेंट टॉमस'पासून सुरुवात करण्यास हरकत नाही, फक्त धून संपल्यावर कान अधिक टवकारावेत. ज्यांना बांधलेली रचना हवी त्यांनी 'फ्रीडम सूट'साठी एक निवांत संध्याकाळ राखून ठेवावी. कामे करता करता ऐकण्याची ती चीज नव्हे. 'ऑलिओ' डेव्हिस यांच्या १९५४च्या ध्वनिमुद्रणात ऐकून मग इतर वादकांची ऐकावी, म्हणजे तिसऱ्या भागातील कोरी जागा प्रत्येकाने कशी भरली ते कळते. 'पतंजली' मराठी श्रोत्याने पवईसाठी ऐकावी, पण तिला पहिल्या पाचांत बसवण्याचा मोह टाळावा. आणि एकच निवडायची सक्ती असेल, तर ती 'ब्लू सेव्हन'. कागदावर उतरवली तर तिची मूळ धून दोन-तीन ओळींतच आटोपते.