अल्पवयीनांच्या ‘शॉक ट्रीटमेंट’वर निर्बंध: खर्च कोणाच्या खिशातून?

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९५ नुसार १८ वर्षांखालील मुलांना ईसीटी, म्हणजेच ‘शॉक ट्रीटमेंट’, देता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला ती गरजेची वाटली, पालकांनी समजून-उमजून संमती दिली आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने आधी परवानगी दिली, तरच अपवाद होतो. तातडीच्या उपचारांची मुभा देणाऱ्या कलम ९४ मधूनही ईसीटी वगळली आहे. मुलांच्या बाबतीतला इतका गंभीर निर्णय त्रयस्थांनी तपासावा, हे रास्तच आहे. पण ही तपासणी फुकट होत नाही.

वरवर दिसणारी बचत

ईसीटी साधारणपणे ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा दिली जाते. दर वेळी भूलतज्ज्ञ, परिचारिका, प्राणवायू, स्नायू शिथिल करणारे औषध आणि शुद्ध येईपर्यंत देखरेख लागते. हे सगळे टळले की पैसे वाचले, असे कागदावर दिसते. मात्र मुलांमध्ये या उपचाराची वेळ मुळात क्वचितच येते. त्यामुळे ही बचतही किरकोळच.

खर्च सरकतो कुठे?

कॅटाटोनिया झालेली सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती बोलत नाही, हलत नाही, घास गिळत नाही. आधी लोराझेपाम हे औषध दिले जाते. ते स्वस्त आहे आणि अनेकदा लागूही पडते. नाही पडले, तर परवानगी येईपर्यंत नाकातून नळीने अन्न, शिरेतून सलाइन, वारंवार रक्ततपासण्या, अंथरुणात जखमा होऊ नयेत म्हणून दर काही तासांनी कूस बदलणे, हे सारे चालू राहते. खाट अडते आणि उशाशी बसलेल्या आईचा रोजगार बुडतो. यातला खाटेचा खर्च रुग्णालयाच्या हिशेबात येतो, आईचा रोज कुठेच येत नाही.

दुसरा खर्च मंडळाचा. त्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक वा संस्थांचे दोन प्रतिनिधी असतात. त्यांचे मानधन, प्रवास, कार्यालय आणि कर्मचारी यांची तरतूद नसेल, तर बैठक लांबते आणि तिकडे खाटेचा खर्च वाढत जातो.

विधेयकाबरोबर हिशेब होता का?

सरकारच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर विधेयकासोबत खर्चाचा अंदाज देणारे वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. या कायद्याच्या २०१३ च्या विधेयकातील ज्ञापनात एकूण खर्चाचा अंदाज नव्हता आणि केंद्र-राज्यांच्या वाट्याचा तपशीलही नव्हता. पुढे २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’त तज्ज्ञांनी संपूर्ण कायद्याच्या अंमलबजावणीचा वार्षिक खर्च सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढला. रुग्णालये हा राज्यांचा विषय असल्याने मोठा भार राज्यांवरच येतो.

टेक्सासमधली नोंद

खर्च कोणी केला याची नोंद ठेवण्याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील टेक्सास राज्याने १९९३ च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना ईसीटी देण्यास पूर्ण बंदी घातली. इतरांवरील उपचारांचा अहवाल रुग्णालयांना दर तिमाहीला द्यावा लागतो. त्यात वय, संमतीचा प्रकार आणि उपचाराचे पैसे कोणी भरले, याचीही नोंद असते.

महाराष्ट्राने काय करावे?

पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून सुरुवात करता येईल. मुलांसाठी किती अर्ज आले, निर्णयाला किती दिवस लागले, तोवर खाटेवर किती खर्च झाला आणि तो कोणी केला, एवढे चार रकाने दरवर्षी जाहीर व्हावेत. सोबत मंडळांसाठी आणि बाल-मानसोपचारतज्ज्ञांच्या पदांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी. मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारने कायद्याने घेतली आहे. तिचा खर्चही सरकारनेच उचलायला हवा.