पोटाच्या विकारांचा दुसरा मोसम

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या घराघरांत पाणी उकळण्याचे मोठे पातेले गॅसवर चढते. चातुर्मासही जवळ आलेला असतो, त्यामुळे पक्के पाणी वापरणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढते. उल्हास नदीच्या काठी ही सावधगिरी अनाठायी नाही. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. असे पाणी सोसायट्यांच्या भूमिगत टाक्यांत शिरले की जुलाब, विषमज्वर आणि कावीळ मागोमाग येतात. पाणी नुसते गाळून भागत नाही. गाळण्याने दृश्य जीवजंतू अडतात, विषाणू त्यातून सहज पार होतात. उकळी मात्र त्यांना टिकू देत नाही. उकळलेल्या पाण्याची मुदत चातुर्मासात ३ प्रहर, हिवाळ्यात ४ आणि उन्हाळ्यात ५ प्रहर धरणाऱ्या परंपरेला ऋतूंचे भान पूर्वीपासून होते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर अनेक घरांतील ते पातेले फडताळात जाते आणि पोटाच्या विकारांचा हंगाम सरला असे समजले जाते. नेमक्या त्याच सुमारास दुसरा मोसम सुरू होतो.

लहान मुलांना जुलाब-उलट्यांनी हैराण करणारा रोटाव्हायरस भारतात प्रामुख्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या थंड, कोरड्या महिन्यांत जोर धरतो. त्याचा मुख्य फटका ५ वर्षांखालील बालकांना, म्हणजे बालवाडी आणि केजीच्या वर्गांना बसतो. मोठ्या मुलांना आणि शिक्षकांनाही न सोडणारा दुसरा विषाणू म्हणजे नोरोव्हायरस. थंड देशांत त्याला ‘हिवाळी उलट्यांचा आजार’ असेच म्हणत. भारतात त्याचा ऋतू तितका रेखीव नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या प्राथमिक शाळेत सुमारे निम्मे विद्यार्थी व शिक्षक दोन दिवसांत आजारी पडले, आणि पुढे त्यांच्या घरच्या माणसांपैकी जवळजवळ एकतृतीयांश. विषाणूला नाव मिळाले ते त्या गावावरून. केरळमध्ये जानेवारी २०२३ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील शाळकरी मुलांत तो आढळला होता.

हे दोन्ही विषाणू पाण्यातून येऊ शकतात. पण शाळेत ते बहुतांशी हातांतून, बाकांवरून, नळाच्या तोट्यांवरून आणि वाटून खाल्लेल्या डब्यातून फिरतात. स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडास्पर्धा, सहली आणि लग्नसराई याच दिवसांत येते, हे त्यांच्या पथ्यावरच पडते. करोनाकाळापासून दप्तरात रुळलेली सॅनिटायझरची बाटली येथे फारशी उपयोगी नाही, कारण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा प्रभाव तोकडा आहे. साबण आणि वाहते पाणी हाच भरवशाचा उपाय. आजी-आजोबांच्या स्मरणार्थ शाळेला वॉटर कूलर देणारे दाते आपल्या समाजात पुष्कळ आहेत; स्वच्छतागृहाबाहेर वर्षभर साबण राहील अशी सोय करणारा दाता विरळा.

खरी कसोटी लागते ती आजारी मुलाला घरी ठेवण्याच्या वेळी. आई-वडील दोघेही दुकानात, शाळेत चाचणी परीक्षा, आणि मूल सकाळी बरे दिसते. मग त्याला रिक्षात बसवून दिले जाते. परंतु उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही विषाणू शरीरातून बाहेर पडतच असतो. म्हणून शेवटच्या उलटी-जुलाबानंतर किमान ४८ तास मुलाला शाळेत पाठवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या दोन दिवसांत त्याने घरच्या स्वयंपाकात हात घालू नये, हेही ओघाने आलेच.

घरी उपचार सोपा आहे. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी घालावी. ते २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक देतात. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

चौविहार पाळणाऱ्या घरांत येथे एक अडचण उभी राहते. उलट्या बहुधा रात्री सुरू होतात आणि सूर्यास्तानंतर पाणी द्यावे की नाही, याची घालमेल होते. पच्चक्खाणाच्या सूत्रातच तीव्र पीडेच्या प्रसंगासाठी आगार ठेवलेला आहे. शंका असल्यास गुरुमहाराजांना आधीच, निवांतपणी विचारून ठेवावे, मध्यरात्री ताटकळत बसू नये. डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, कित्येक तास लघवी नाही, मूल सुस्त पडलेले किंवा विष्ठेत रक्त असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या घरी नवे बाळ आले आहे त्यांच्यासाठी रोटाव्हायरसची तोंडावाटे देण्याची लस सरकारी लसीकरणात महाराष्ट्रात २०१९ पासून मोफत मिळते. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या वयात तिच्या तीन मात्रा दिल्या जातात.