मेलेल्या किड्यांचे तुकडे अंगावर मिरवणारी ‘बोन कलेक्टर’ अळी नेमकी आहे तरी काय?

बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखं काहीतरी करडं, चपटं सरकताना तुम्ही पाहिलं असेल. ती असते एका पतंगाची अळी. रेशीम, धूळ आणि वाळूच्या कणांची पिशवी करून ती त्यातच राहते.

आता कल्पना करा, त्या पिशवीवर वाळूऐवजी मुंगीचं डोकं, माशीचा पंख आणि कोळ्याचा पाय चिकटवलाय!

अशी अळी खरंच आहे. ती सापडते हवाईमधल्या ओआहू बेटावर. हवाई विद्यापीठाचे डॅनियल रुबिनॉफ आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तिची माहिती दिली. टोपणनाव पडलं ‘बोन कलेक्टर’, म्हणजे हाडं गोळा करणारी.

हिचं खानदान कोणतं?

कॉस्मोप्टेरिजिडी. ग्रीक भाषेत ‘कॉस्मॉस’ म्हणजे अलंकार आणि ‘टेरिक्स’ म्हणजे पंख. या कुळातले पतंग चिमुकले, पंख अरुंद आणि कडेला झालर. यातल्या हायपोस्मोकोमा गटाच्या ३५० हून जास्त प्रजाती फक्त हवाईत आहेत. काहींच्या अळ्या पाण्यात आणि जमिनीवरही जगतात, तर एक प्रजाती गोगलगायीला रेशमानं बांधून खाते.

मग ही अळी काय करते?

ही थेट कोळ्याच्या जाळ्यात राहते. झाडाच्या ढोलीत, खडकाच्या फटीत विणलेल्या जाळ्यात अडकलेले मेलेले किंवा अर्धमेले किडे खाते. उरलेले तुकडे तोंडानं चाचपते, मोठे असतील तर कुरतडून बेताचे करते आणि पिशवीवर लावते. कोळ्याला ती उष्टं-खरकटं वाटत असावी आणि म्हणूनच वाचत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

चिंता कशाची?

वीसहून जास्त वर्षं शोधूनही अशा फक्त ६२ अळ्या सापडल्या, त्याही सुमारे १५ चौरस किलोमीटरच्या एकाच डोंगराळ पट्ट्यात. हिचा वंश किमान ६० लाख वर्षं जुना, ओआहू बेटाच्याही आधीचा. म्हणजे हिचे पूर्वज आधी दुसऱ्या बेटांवर असणार. आज मात्र ती दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही.

बाहेरून आलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांशीही तिनं जुळवून घेतलंय. पण तेवढं जंगल गेलं, तर तिला जायला दुसरी जागा नाही.