छोट्या ट्रॅक्टरला तापमानाचा काटा
(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



साडेचार-पाच फुटी सरी सोडण्याकडे आपला कल वाढला, तसे आंतरमशागतीसाठी छोटे ट्रॅक्टर पुष्कळांच्या दारात आले. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, बांधणीला माणसे वेळेवर मिळत नाहीत, तेव्हा हे यंत्र सोयीचे खरेच. परंतु यांतील काही ट्रॅक्टरांवर इंजिन किती तापले हे दाखविणारा काटा नसतो. असतो तो फक्त एक तांबडा दिवा. त्या दिव्याच्या भरवशावर राहून माझे काय नुकसान झाले आणि पुढे मी काय केले, ते इतर सभासदांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात सुरू उसाची मोठी बांधणी चालली होती. त्याआधी याच ट्रॅक्टरवर खोडव्यातल्या पाचटाची कुट्टी करून घेतली होती. दुपारी बाराच्या सुमारास थोरला मुलगा सरीत होता आणि मी बांधावर. ट्रॅक्टरच्या तोंडाशी पांढरे काहीतरी दिसले म्हणून मी ओरडलो, "धूर कसला रे त्यो?"

"धूर न्हाई अण्णा, वाफ हाय!"

"आन् दिवा?"

"दिवा आत्ता लागला की."

पाणी उकळून बाहेर गेले होते. हेड गॅसकेट जळाले, हेडला बाक आला. हेड मशीनवर घासून आणणे, नवे गॅसकेट, मजुरी हा खर्च झालाच. पण त्याहून जास्त झोंबले ते बांधणीचे आठ दिवस वाया गेले ते. शेवटी भाड्याचा ट्रॅक्टर आणून काम उरकले. मिस्त्री हेड खोलता खोलता म्हणाला, "अण्णा, दिवा लागतो तवा काम झालेलं असतं." कारणही त्यानेच दाखविले. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत पाचटाचा भुसा आणि धूळ अशी बसली होती की पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

मिस्त्रीचे बोलणे समजून घेण्यासारखे आहे. पाणी बऱ्यापैकी तापल्याशिवाय थर्मोस्टॅट ते रेडिएटरकडे सोडत नाही. बहुतेक थर्मोस्टॅट 71 ते 82 अंशांच्या दरम्यान उघडू लागतात, आणि कामावरचे इंजिन साधारण 80 ते 95 अंशांत राहते. तांबडा दिवा मात्र बहुधा 105-110 अंशांच्या आसपास लागतो. मधले दहा-पंधरा अंश आपल्याला कोणी सांगतच नाही. रेडिएटर भुशाने भरत जातो तेव्हा इंजिन एकदम तापत नाही. रोज दोन-तीन अंश वर सरकते. काटा असता तर मला ते चार दिवस आधी दिसले असते.

काटे दोन प्रकारचे मिळतात. पहिला बिनविजेचा. त्यात पितळी फुगा, बारीक तांब्याची नळी आणि मीटर असे एकसंध असते. फुग्यातले द्रव तापले की दाब वाढतो आणि तोच दाब नळीतून जाऊन काटा फिरवतो. याला बॅटरी लागत नाही. पण नळी कापता येत नाही, जोडताही येत नाही. लांबी जास्त झाली तर मोठे वेटोळे करून बांधावी लागते. एकदा पिचली की मीटर भंगारात. दुसरा विजेवरचा. इंजिनात सेंसर बसतो आणि एका तारेने मीटरला जोडतात. जागा अडचणीची असेल तर हा सोयीचा, मात्र मीटर आणि सेंसर एकाच जोडीचे घ्यावेत. जुन्या बाजारातून एकाचा सेंसर आणि दुसऱ्याचे मीटर आणले तर काटा हलेल, पण आकडा खोटा दाखवील.

मी पहिला प्रकार घेतला. काही शे रुपयांत काम झाले.

खरी मेख आहे ती फुगा कुठे बसवायचा यात. बाजारात ॲल्युमिनियमचा एक जोड मिळतो. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी मध्ये कापून तो बसवायचा, दोन्ही बाजूंना क्लिपा आवळायच्या. काम अर्ध्या तासाचे, म्हणून पुष्कळ जण तेच करतात. पण थर्मोस्टॅट बंदच अडकून बसला तर त्या नळीत गरम पाणी येतच नाही. आत इंजिन भाजून निघते आणि काटा गार दाखवतो! म्हणून फुगा थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घराच्या खालच्या अंगाला बसवावा. पुष्कळ इंजिनांना तिथे बूच मारलेले रिकामे भोक असते. बूच काढून आटे मापून घ्यावेत आणि दुकानात ते बूचच घेऊन जावे. "अमुक कंपनीचा ट्रॅक्टर आहे" एवढ्या सांगण्यावर योग्य आट्यांचा नट मिळेलच असे नाही. मला त्यापायी दोन हेलपाटे पडले.

दिव्याचा सेंसर काढून त्या जागी काटा बसवू नये. दिवा असू द्यावा, रात्रीच्या वेळी तोच नजरेत भरतो. रिकामे भोक नसेल तर दिवा आणि काटा दोन्ही चालविणारा दोन टोकांचा सेंसर मिळतो. काही मिस्त्री टी-जोड लावून दोन्ही एकाच भोकावर बसवतात. त्यात फुगा वाहत्या पाण्याबाहेर राहतो आणि काटा कमी दाखवतो. रबरी नळीतला जोड वापरून विजेचा काटा लावायचाच झाला, तर त्या जोडाला इंजिनापर्यंत अर्थिंगची वेगळी तार द्यावी, कारण रबरातून अर्थिंग मिळत नाही. मीटरची तार चावीच्या स्विचमधून, मध्ये फ्यूज टाकून घ्यावी. पत्र्याच्या भोकातून तार किंवा नळी नेताना रबरी बुश हवेच, आणि सायलेन्सरपासून लांब.

बसविण्यापूर्वी काटा तपासता येतो. घरच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून फुगा त्यात धरावा. आपल्याकडे पाच-सहाशे मीटर उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळते. काट्याने तेवढेच, एखाद-दोन अंश इकडे-तिकडे, दाखवावे. घरच्या मंडळींनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला, पण पहिले मीटर बारा अंश कमी दाखवत होते ते यामुळेच कळले आणि दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिले.

काम गार इंजिनवरच करावे, आणि आधी रेडिएटरचा खालचा कॉक उघडून थोडे पाणी काढून घ्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह कोणी करू नये. दाबामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की एकदम वाफ होऊन तोंडावर येते.

काटा बसला की पहिले आठ दिवस आपल्या ट्रॅक्टरचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. माझा बांधणीत 86-88 वर असतो, कुट्टीत 92 पर्यंत जातो. त्यापेक्षा पाच अंश वर दिसला की आधी जाळी आणि रेडिएटर बघावे, मग फॅनचा पट्टा, मग पाणी. रेडिएटर धुताना पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडावी आणि बेताची ठेवावी, जोराच्या धारेने पत्रे वाकतात. काटा शंभराच्या पुढे गेला तर ओझे काढून इंजिन थोडा वेळ मोकळे फिरवावे. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी गेले असेल तर लगेच बंद करावे आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

एक गोष्ट फसवी आहे. चढलेला काटा काही कारण नसताना एकदम खाली आला तर हायसे वाटून घेऊ नका. पाणी फुग्याच्या खाली गेले की तो कोरडा पडतो आणि कमी दाखवतो. अशा वेळी ट्रॅक्टर थांबवून, गार झाल्यावर पाणी बघावे.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलून घ्यावे. काही जुन्या छोट्या जपानी ट्रॅक्टरांत पाण्याला पंपच नसतो. गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार खाली येते. त्यांचा आकडा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरशी ताडून पाहू नये.

यंदा मे महिन्यात त्याच फडात बांधणी चालू असताना मुलाने हाक मारली, "अण्णा, चौऱ्याण्णव दाखवतोय." ट्रॅक्टर उभा करून बघितले तर जाळीवर पाचटाचा थर. हाताने झाडला, रेडिएटर धुतला आणि तासाभरात काटा 87 वर आला. आता एवढेच राहिले आहे की मीटरमधला बारका दिवा अजून जोडलेला नाही. रात्री काम असले की मुलगा बॅटरी मारून काटा बघतो.