जागा होताच सज्ज होणारा संगणक

प्रयोगशाळेत नवा सहायक आला, की उपकरणे कशी मांडायची ते आपण त्याला कागदावर लिहून देतो. आता समजा, असे पन्नास सहायक एकदम आले आणि तुम्ही तेथे हजरच नाही! तो कागद किती बिनचूक असायला हवा?

मोठ्या संगणक-केंद्रांतील सर्व्हर भाड्याने देणारी 'ईसी-टू' ही सेवा ॲमेझॉन कंपनीने २००६ साली सुरू केली. २०१६ पासून ती मुंबईतील केंद्रांतूनही मिळते. सर्व्हर मागितला, की काही मिनिटांत मिळतो. पण आपल्याला हवी ती साधने त्यावर असतातच असे नाही. चित्रफितींचे रूपांतर करणारे 'एफएफएमपेग' हवे असेल, तर आज्ञा टंकित करून ते बसवावे लागते. दर सर्व्हरला पाच मिनिटे धरली, तरी पन्नास सर्व्हरना चार तासांहून अधिक वेळ लागेल!

यावर उपाय म्हणजे 'स्टार्टअप स्क्रिप्ट', अर्थात आज्ञांची क्रमवार यादी. सर्व्हर मागतानाच ती सोबत द्यायची. उबंटू प्रणालीत 'क्लाउड-इनिट' नावाचा प्रोग्रॅम, सर्व्हर प्रथम सुरू होताना, त्या आज्ञा एकामागून एक पार पाडून घेतो.

यादीत काय लिहाल? आधी, उपलब्ध साधनांची सूची ताजी करा. मग एफएफएमपेग बसवा. हाच क्रम का? जुन्या सूचीतील फाइल भांडारातून काढून टाकलेली असू शकते. शिवाय बसवताना संगणक विचारतो, "पुढे जाऊ का?" उत्तर मिळाले नाही, तर तो काम तेथेच सोडतो. म्हणून आज्ञेतच होकारदर्शक '-वाय' जोडतात.

खरा धोका पुढेच आहे. एखादी आज्ञा फसली, तरी स्क्रिप्ट आपणहून थांबत नाही. सर्व्हर 'चालू' दिसतो, पण साधन बसलेलेच नसते. आणि तीच चूक पन्नासही ठिकाणी! यासाठी आरंभी 'सेट -ई', म्हणजे 'चूक होताच थांब', ही आज्ञा आणि शेवटी साधनाची आवृत्ती विचारणारी आज्ञा लिहावी. क्लाउड-इनिटच्या नोंदवहीत सारे उमटते. ती आधी एकाच सर्व्हरवर तपासावी, मगच पन्नास मागवावेत.

तुम्हीही करून पाहा. एखाद्या प्रयोगाची कृती लिहून मित्राला द्या आणि त्याने काहीही विचारले, तरी गप्प बसा. तो जेथे अडेल, तेथे तुमच्या स्क्रिप्टमधली एक ओळ राहून गेली आहे!